मानेवरची हरवलेली लाट

बाळंतकळा चालू असतानाच ती तरुण बाई गेली. हृदयानं दगा दिला. डॉक्टर खाटेशीच उभा होता. तिचं हृदय अधू आहे म्हणजे नेमकं किती अधू आहे, या दिव्यातून ते निभावेल की नाही, हे आधी सांगता यायला हवं होतं. त्याला ते सांगता आलं नव्हतं. मग त्यानं पुस्तकं उघडली. हृदयातल्या आवाजांची आणि ठोक्यांच्या गडबडीची वर्णनं पानोपानी होती. पण अमुक गडबड असलेला माणूस पुढे किती वर्षं जगतो, कोण लवकर जातो आणि कोण नातवंडं खेळवतो, याबद्दल कामाचं असं काहीच सापडेना.

डॉक्टरचं नाव जेम्स मॅकेंझी. स्कॉटलंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. शाळा लवकर सोडली, काही वर्षं औषधाच्या दुकानात उमेदवारी केली, मग एडिंबरोला जाऊन डॉक्टर झाला आणि १८७९ साली, सव्विसाव्या वर्षी, इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या बर्नली गावात दवाखान्यात रुजू झाला. बर्नली म्हणजे कापडगिरण्यांचं गाव. आपलं गिरणगाव डोळ्यांसमोर आणा, फक्त हवा थंड आणि ओली. अशा गावातल्या डॉक्टरनं दिवसभर जखमा बांधाव्यात, रात्री बाळंतपणं करावीत आणि संशोधन लंडनच्या मोठ्या इस्पितळांवर सोडावं, अशी रीत होती. मॅकेंझींनी ती मोडली.

मोठ्या इस्पितळात नसलेली एक गोष्ट त्यांच्याजवळ होती: वेळ. म्हणजे त्यांचा स्वतःचा नव्हे, रुग्णांचा. इस्पितळात माणूस येतो, पंधरा दिवस राहतो, निघून जातो. पुढे त्याचं काय झालं, हे तिथल्या प्राध्यापकाला कळत नाही. बर्नलीत तोच माणूस वीस वर्षं डोळ्यांसमोर असे. आज खोकला, उद्या पडलेला दात, परवा मुलीचं बाळंतपण. मॅकेंझी प्रत्येकाच्या नाडीची नोंद ठेवत गेले आणि वाट पाहत राहिले.

त्या काळी ठोका चुकतो म्हटलं की घरात सुतकच. शाळकरी मुलाची नाडी जरा मागेपुढे लागली की त्याचं खेळणं बंद, अंथरूण चालू. कुठली अनियमितता निरुपद्रवी आणि कुठली जिवावरची, हे कुणी वेगळं करून दाखवलंच नव्हतं. मॅकेंझींचा प्रश्न नेमका हाच होता, आणि दिसतो तितका तो साधा नाही.

नुसत्या बोटांनी हे भागेना. मनगटावर बांधून नाडीची रेघ काढणारं एक छोटं यंत्र तेव्हा मिळत असे. काजळी धरलेल्या कागदाच्या पट्टीवर त्याची काडी खालीवर होऊन पांढरी रेघ ओढायची. पण मनगट फक्त हृदयाच्या खालच्या कप्प्यांची खबर देतं. वरचे दोन कप्पे म्हणजे कर्णिका, खालचे दोन म्हणजे जवनिका. कर्णिका रक्त खाली ढकलतात, जवनिका ते अंगभर फेकतात. वर काय चाललंय हे कळायचं कसं? मॅकेंझींनी मानेकडे पाहिलं. उजव्या कर्णिकेत आणि मानेच्या मोठ्या शिरेत मधे उलटा धक्का पुरता अडवेल अशी झडप नाही. त्यामुळे कर्णिका आवळली की तिचा धक्का उलटा वर येतो आणि शिरेत एक बारीक लाट उठते. माणूस पाठ टेकून अर्धवट आडवा झाला, मान सैल सोडली आणि प्रकाश बाजूनं पडला, की ही लाट नुसत्या डोळ्यांनाही दिसते. मॅकेंझींनी त्या जागी एक उथळ वाटी टेकवली, तिला रबरी नळी जोडली, नळीचं दुसरं टोक पातळ पडद्याच्या डबीला आणि डबीला काडी. आता एकाच पट्टीवर दोन रेघा उमटू लागल्या: वर मानेची, खाली मनगटाची. पुढे पॅडिहम गावातल्या शॉ नावाच्या घड्याळजीला हाताशी धरून त्यांनी काजळीऐवजी शाईनं लांबच लांब कागदावर लिहिणारं यंत्र करून घेतलं. त्याचं नाव पॉलिग्राफ.

या दोन रेघा शेजारीशेजारी ठेवल्यावर गोंधळातून प्रकार वेगळे होऊ लागले. श्वास आत घेताना नाडी जलद, सोडताना सावकाश: ही तरुण आणि मुलांची गोष्ट, तिला आजार म्हणायचंच कारण नाही. मधेच एक ठोका घाईनं लवकर पडतो, मग जरा विसावा आणि पुढचा ठोका दणक्यात: हाही बहुधा निरुपद्रवी. ‘काळजात धस्स झालं’ असं आपण म्हणतो, ते पुष्कळदा या विसाव्यानंतरच्या दणक्याचंच वर्णन असतं. अशी माणसं वर्षानुवर्षं मागावर उभी राहून काम करताना मॅकेंझी पाहत होते. आणि तिसरा प्रकार असा, की ज्यात ताल नावाची गोष्टच नाही. दोन ठोक्यांतलं अंतर एकसारखं नाही, ठोक्यांचा जोरही एकसारखा नाही. बोटाखाली जणू कुणी मूठभर चणे सांडतंय.

तिसऱ्या प्रकाराचा धागा एका बाईमुळे हाती लागला. डावीकडची झडप सांधेवाताच्या तापानं अरुंद झालेली ही रुग्ण अनेक वर्षं त्यांच्या देखरेखीखाली होती. तिच्या मानेवरची लाट, तिच्या छातीतला आवाज त्यांना पाठ होता. जवनिका आवळण्याच्या किंचित आधी तिथे घरघर ऐकू येई, कारण त्याच क्षणी कर्णिका जोर लावून अरुंद झडपेतून रक्त रेटत असे. १८९० च्या दशकाच्या अखेरीस एकदा ती आली तेव्हा धाप लागलेली, नाडी पार विस्कटलेली. मॅकेंझींनी वाटी मानेला लावली. रेघ उमटली, पण कर्णिकेची लाट तीत नव्हती. छातीला कान लावला, ती ओळखीची घरघरही नव्हती.

या क्षणाजवळ थोडं थांबायला हवं. एखादी गोष्ट असणं दिसतं. नसणं दिसायला ती आधी रोज पाहिलेली असावी लागते. त्या दिवशी पहिल्यांदाच तिला तपासणाऱ्या लंडनच्या बड्या डॉक्टरला तिथे काहीच हरवलेलं दिसलं नसतं. मॅकेंझींना मात्र एकाच वेळी दोन साक्षीदार गायब झालेले दिसले, आणि दोघंही कर्णिकेच्या घरचे.

निष्कर्ष उघड होता: कर्णिका लुळी पडली. १९०२ च्या नाडीवरच्या आपल्या पुस्तकात त्यांनी तसंच मांडलं. आणि ते चूक होतं.

चूक दाखवली ती त्यांच्याच शिस्तीनं. अशी नाडी असलेले रुग्ण गेल्यावर मॅकेंझी शवविच्छेदन करत. लुळ्या पडलेल्या हाताचे स्नायू सुकतात. मग लुळी कर्णिकाही पातळ, मरगळलेली सापडायला हवी. प्रत्यक्षात काहींच्या कर्णिका चांगल्या जाड, काम करकरून फुगलेल्या निघाल्या. मॅकेंझींनी आपलं मत मागे घेतलं. छापून झालेलं मत मागे घेणारे डॉक्टर तेव्हाही थोडेच असावेत. वर आणि खाली दोन्ही कप्पे एकदमच आवळत असतील, म्हणून लाट वेगळी दिसत नसेल, अशी दुसरी अटकळ त्यांनी बांधली. तीही चूकच होती, पण त्या नादात ते लंडनच्या आर्थर कीथ या शरीररचनातज्ज्ञाकडे वळले आणि रुग्णांची हृदयं तपासणीसाठी त्यांच्याकडे पाठवू लागले.

इथून गोष्ट काही काळ बर्नली सोडते. जर्मनीत मारबुर्गला ल्युडविग आशॉफ यांच्या प्रयोगशाळेत सुनाओ तावारा नावाचे जपानी डॉक्टर हृदयाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली घालून बसले होते. १९०६ साली त्यांनी दाखवून दिलं की वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या सीमेवर विशेष तंतूंची एक गाठ आहे आणि वरून खाली जाणाऱ्या प्रत्येक हुकमाला तिच्यातूनच जावं लागतं. एक प्रकारचं जकातनाकं. त्याच उन्हाळ्यात कीथ केंट परगण्यातल्या ब्रेडगर गावी आपल्या शेतघरात होते. गावातलाच मार्टिन फ्लॅक हा वैद्यकीचा विद्यार्थी त्यांच्या हाताखाली काम करत होता. एका कडक उन्हाच्या दिवशी कीथ पती-पत्नी चेरीच्या बागांमधून सायकलींवर फेरफटका मारून परतले, तर फ्लॅक उत्तेजित होऊन वाटच पाहत होता. चिचुंद्रीसारख्या दिसणाऱ्या, जमिनीखाली बिळं करून राहणाऱ्या मोल या प्राण्याच्या उजव्या कर्णिकेत, जिथे वरची मोठी शीर येऊन मिळते तिथे, त्याला एक विलक्षण रचना दिसली होती. हृदयाचा ठोका जिथे जन्मतो ती हीच जागा. माणसाच्या हृदयातही ती निघाली. १९०७ मध्ये दोघांनी ती प्रसिद्ध केली. ठोका कुठून सुटतो हे कळलं, कुठल्या नाक्यावर थांबतो हे कळलं. बर्नलीच्या बाईची लाट कुठे गेली, हे अजून कळायचं होतं.

गंमत अशी की उत्तर कागदावर उमटलेलं होतं. हॉलंडमध्ये लायडनला विलेम आइंटहोवेन यांनी हृदयातली वीज टिपणारं अवाढव्य यंत्र तयार केलं होतं. ते चालवायला पाच माणसं लागत, रुग्णानं हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचं. यंत्र जागेवरून हलणं अशक्य, म्हणून दीड किलोमीटरवरच्या इस्पितळापर्यंत त्यांनी तारच ओढली. १९०६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या आलेखांत एक अशाच विस्कटलेल्या नाडीचा होता. ठोक्यांच्या मधल्या जागेत बारीक दंतुर रेघ होती. ती काय सांगते, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

ते ओळखलं थॉमस लुइस या तरुणानं. मॅकेंझी १९०७ मध्ये, अठ्ठावीस वर्षं बर्नलीत काढून, चोपन्नाव्या वर्षी लंडनला आले. तिथे लुइस त्यांचा स्नेही आणि जवळपास शिष्यच झाला. त्याच्यापाशी आइंटहोवेनचं यंत्र होतं आणि मॅकेंझींनी घोळवलेला प्रश्न होता. कुत्र्याच्या कर्णिकेला वीज देऊन ती थरथरायला लावता येते, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञांना माहीत होतं. लुइसनं तो आलेख आणि विस्कटलेल्या नाडीच्या माणसाचा आलेख शेजारी ठेवले. मधली दंतुर रेघ तीच. १९०९ मध्ये त्यानं जाहीर केलं की हा प्रकार म्हणजे कर्णिकांचं कंपन आहे आणि तो दुर्मीळ नसून सर्रास आढळतो. व्हिएन्नाच्या रोटबर्गर आणि विंटरबर्ग यांनीही त्याच वर्षी हेच सांगितलं.

म्हणजे कर्णिका लुळी पडली नव्हती. उलट ती मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे वेळा थरथरत होती. इतकी, की एकसंध आवळणंच उरलं नव्हतं. म्हणून लाट नव्हती. आणि त्या भाऊगर्दीतला जेवढा हुकूम तावारांच्या नाक्यातून निसटेल तेवढेच ठोके, तेही जमतील तसे, खाली पडत होते. म्हणून नाडीला ताल नव्हता.

जुनं एक कोडंही त्यासरशी सुटलं. डिजिटॅलिस हे औषध विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरनं १७८५ मध्ये पुस्तक लिहून प्रसिद्ध केलं होतं. मूळ काढा श्रॉपशरमधल्या एका म्हातारीचा. काही रुग्ण त्यानं उठून बसत, काहींना काहीच फरक पडत नसे. सगळ्यात ठळक गुण कुणाला येतो हे मॅकेंझींनी दाखवलं: नेमका या विस्कटलेल्या नाडीच्या रुग्णांना. कारण आता उमजलं. औषध कर्णिकेचं कंपन थांबवत नव्हतंच. ते नाक्यावरचा पहारा कडक करत होतं. खाली कमी ठोके पोचत आणि जवनिकेला भरायला सवड मिळे.

कंपनच थांबवायचं औषध एका रुग्णानंच आणून दिलं. १९१२ मध्ये कारेल वेंकेबाख या डच हृदयतज्ज्ञाकडे एक डच व्यापारी आला. विस्कटलेली नाडी त्याला अधूनमधून त्रास देई. वेंकेबाख म्हणाले, यावर उपाय नाही. व्यापारी म्हणाला, मला ठाऊक आहे, उद्या नीट ताल घेऊन येतो. दुसऱ्या दिवशी आला, नाडी सरळ. मलेरियाच्या मुलखांत वावरलेल्या त्या माणसानं एक ग्रॅम क्विनाइन घेतलं होतं. वेंकेबाखनी इतरांवर ते वापरून पाहिलं, फारसं जमलं नाही, तरी प्रामाणिकपणे १९१४ च्या पुस्तकात ती हकिगत नोंदवली. १९१८ मध्ये वॉल्टर फ्रे यांनी सिंकोनाच्या सालीतली क्विनाइनची भावंडं तपासून क्विनिडीन सगळ्यांत प्रभावी ठरवलं. कितीतरी दशकं तेच चाललं.

पुढचा टप्पा मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत भीतिदायक वाटतो. मॅकेंझींनी वेगळा काढलेला तो ‘मधेच लवकर पडणारा ठोका’ हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांत मृत्यूची पूर्वसूचना ठरतो, असं दिसून आलं होतं. मग तो औषधानं दाबला तर माणूस वाचेल, हे गणित सरळच वाटलं. अमेरिकेत फ्लेकेनाइड, एनकेनाइड ही औषधं ठोके हुकमी दाबत. आलेख कसा छान, एकसारखा! तरीही चाचणी घ्यायची ठरली. १९८९ मध्ये ती अर्ध्यावर थांबवावी लागली. १९९१ मध्ये पूर्ण आकडे आले: औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ मेले, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. कागद सुधारला होता आणि माणसं मरत होती. बर्नलीत मॅकेंझींनी विचारलेला प्रश्न कागदाबद्दल नव्हता, पुढे माणसाचं काय होतं याबद्दल होता. तो पुन्हा विचारायला ऐंशी-नव्वद वर्षं आणि इतके मृत्यू लागले.

आणि कंपन सुरू कुठून होतं? दीर्घकाळ बहुतेकांचा समज होता की ते अख्ख्या कर्णिकेत भटकतं. त्यामुळे शस्त्रक्रियेनं कर्णिकेत आडव्यातिडव्या भिंती घालण्यापर्यंत मजल गेली. फ्रान्समधल्या बोर्दोचे मिशेल ऐसागेर बारीक तारा शिरेतून हृदयात नेऊन कंपन सुरू होण्याच्या अगदी आधीचा ठोका कुठून येतो, तेवढंच पाहत राहिले. १९९८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांची हकिगत छापली. ठिणगीच्या ६९ जागा सापडल्या. त्यांतल्या ६५ कर्णिकेत नव्हत्याच. फुप्फुसांतून रक्त आणणाऱ्या शिरांच्या तोंडात, हृदयाचा स्नायू जिथे बाहीसारखा आत शिरतो तिथे त्या होत्या. तिथे डाग दिला की ४५ पैकी २८ जणांचं कंपन थांबलं, निदान त्यांची देखरेख चालू होती तोवर तरी. अॅब्लेशन म्हणतात ते हेच.

हृदय थांबल्यावरही या शिरा स्वतःहून धडधडत राहतात, असं सापाच्या विषावर एकत्र काम करणाऱ्या लॉडर ब्रंटन आणि जोसेफ फेरर यांनी १८७६ च्या सुमारासच नोंदवलं होतं. फेरर म्हणजे कोलकात्यात राहून हिंदुस्थानातल्या विषारी सापांवर भला मोठा ग्रंथ लिहिणारे. निरीक्षण सव्वाशे वर्षं पडून राहिलं.

कंपनाचा खरा धोका धडधड हा नाही. न आवळणाऱ्या कर्णिकेच्या कोपऱ्यात रक्त साचतं, गुठळी होते आणि ती मेंदूकडे सुटली की अर्धांगवायू. कंपन असलेल्यांत ही भीती सुमारे पाच पट. म्हणून ताल सरळ होवो न होवो, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या पुष्कळांना लागतात. आता नव्या, सोप्या गोळ्या आल्या आहेत. पण बर्नलीच्या त्या बाईसारखी सांधेवाताच्या तापानं झडप अरुंद झालेल्यांसाठी जुनी वॉरफरिन गटातलीच औषधं सरस, असं २०२२ मध्ये आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या साडेचार हजारांवर रुग्णांच्या चाचणीनं दाखवलं. तो आजार इंग्लंडमधून जवळपास गेला. आपल्याकडे लहानपणी दुर्लक्षित राहिलेल्या घशाच्या दुखण्यातून तो अजून येतो आणि तरुण बायका बाळंतपणाच्या वेळी अजूनही धाप लागून इस्पितळात दाखल होतात.

मॅकेंझींना ‘सर’ किताब मिळाला, लंडनमध्ये नाव झालं. तरी १९१८ मध्ये सगळं सोडून ते सेंट अँड्र्यूजला गेले, कारण आजाराची सुरुवात इस्पितळात नाही, गावच्या डॉक्टरलाच दिसते असं त्यांचं ठाम मत होतं. छातीत कळा त्यांना स्वतःलाही वर्षानुवर्षं येत होत्या आणि त्यांचीही ते नोंद ठेवत. २६ जानेवारी १९२५ रोजी ते गेले. त्यांच्याच इच्छेप्रमाणे शवविच्छेदन झालं. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या निघाल्या, स्नायूवर जुना व्रण होता. ते हृदय सेंट अँड्र्यूजला पाठवलं गेलं आणि त्याचं तपशीलवार वर्णन १९३९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आलं. लेखाच्या शीर्षकातच रुग्णाचं नाव होतं.